दावा शेवटच्या पानावरून वाचणारी बाई

कोर्टातल्या माणसांना टोपणनावं ठेवायची भारी हौस. काम ढीगभर पडलेलं असो, त्याला मात्र वेळ मिळतोच. त्या कोर्टात दावे दाखल करायच्या दोन खिडक्या होत्या. पहिलीवरच्या कारकुनाला सगळे ‘घेऊनटाक’ म्हणत, कारण कसलाही कागद समोर आला तरी तो मान वर न करता म्हणायचा, "असू दे, घेऊन टाकू." दुसरीवर बसायची ती परतबाई. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. वकील, पक्षकार, शिपाई, चहावाला, सगळ्यांच्या तोंडी परतबाईच. घरी नवरासुद्धा तेच म्हणायचा. तो छापखान्यात कामाला, आणि जिभेला हाड म्हणून नाही. पाहुण्यांसमोर खुशाल सांगायचा, "आमच्या हिनं आजवर फक्त मला परत पाठवलेलं नाही. माझे कागद बरोबर निघाले असणार."

नाव पडलं ते काही उगाच नाही. दिवसाला वीस दावे आले तर तिच्या खिडकीतून सात-आठ तरी परत जायचे. वकील तिच्या नावानं बोटं मोडायचे. घेऊनटाकच्या खिडकीपुढे दारापर्यंत रांग आणि हिची खिडकी मोकळी, हे रोजचंच. पण खरं सांगायचं तर त्या इमारतीत तीस वर्षांत लोकांचं भलं कोणी केलं असेल तर ते या बाईनं, आणि तेही त्याच लोकांच्या शिव्या खाऊन.

भानगड अशी की ते कोर्ट होतं खालचं. जागा कोण वापरतंय, वाट कोणी अडवली, भाडेकरू का निघत नाही, कोणाचं पाणी कोणाच्या भिंतीत मुरतंय, एवढं ते ठरवू शकायचं. पण जागा मुळात कोणाची, हे ठरवायचा अधिकार त्याला नव्हता. मालकीचा प्रश्न आला की रस्ता ओलांडायचा, समोरच्या बत्तीस पायऱ्या चढायच्या आणि वरच्या कोर्टात जायचं. कायदा एवढा सरळ होता. पण वर तारीख मिळता मिळता वर्ष सरायचं आणि खालचे साहेब सहा महिन्यांत निकाल द्यायचे. मग वकील काय करत? मालकीचं भांडण वहिवाटीच्या कपड्यात गुंडाळत. दोन-तीन पानं नुसती वहिवाट, कुलूप, त्रास, अपमान, आणि शेवटच्या पानावर अगदी तळाला एवढीशी ओळ: ‘सदर जागा वादीच्या मालकीची असल्याचे जाहीर व्हावे.’

ती ओळ घेऊनटाकच्या नजरेतून शंभर वेळा सुटायची. परतबाईच्या नजरेतून एकदाही नाही, कारण दावा हातात आला की ती तो उलटा करायची आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागायची. नव्यानं लागलेल्या कारकुनांना बजावायची, "वरच्या पानांवर माणसाचं दुःख असतं. ते आधी वाचलंत की तुमचा हात ढिला पडणार. तळाला काय मागितलंय ते आधी बघा." बहुतेक वेळा तळाची ओळ वाचूनच निर्णय होऊन जायचा, आणि मग वरची पानं वाचायची तिला गरजच पडायची नाही.

आणि परत करायची म्हणजे कागद भिरकावून द्यायची असं नाही हं. बाकीचे कारकून ‘वर जा’ म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. ही दाव्याच्या पाठीवर लिहायची, की अमुक दिवशी अमुक वाजता हजर केला, मालकीचा प्रश्न असल्यामुळे या कोर्टाला अधिकार नाही, अमुक दिवशी अमुक वाजता परत दिला. सहीसाठी साहेबांच्या खोलीत स्वतः जाऊन उभी राहायची. कारण चुकून भलत्याच कोर्टात घालवलेले दिवस मुदतीत धरत नाहीत, पण ते कागदावर दिसायला तर हवेत. शिवाय वर एक चिठ्ठी टाचायची: ‘पायऱ्या चढून डावीकडे, तिसरी खोली. जेवणाच्या सुट्टीआधी जा. दोन प्रती न्या.’

हे शहाणपण तिनं आईच्या पोटातून आणलं नव्हतं. नोकरीचं तिसरं वर्ष असताना एक सुतार आला होता. हाताला रंध्याचे घट्टे, एक पाय गुडघ्यात वाकत नव्हता. भाऊ म्हणत होता, कामाची जागा माझी. दाव्याच्या शेवटी मालकीची ओळ होती आणि हिनं ती वाचलीही होती. पण सुतारानं खिडकीतून समोरच्या पायऱ्यांकडे बघितलं आणि हिचाच हात ढिला पडला. तिनं दावा ठेवून घेतला. समोरच्या वकिलानं त्या वेळी चकार शब्द काढला नाही. सुतार जिंकला, कोर्टभर गोड वाटून गेला. मग भावानं वर अपील केलं. वरच्या कोर्टानं कोण खरा, कोण खोटा हे पाहिलंसुद्धा नाही. चार ओळींत सांगितलं, की खालच्या कोर्टाला अधिकारच नव्हता, निकाल रद्द, हवं तर योग्य कोर्टात नव्यानं या.

तोवर पाच वर्षं गेली होती आणि सुताराचे तिन्ही साक्षीदार वारले होते. तो पुन्हा खिडकीवर आला. शिव्या द्यायला आला असता तर बरं झालं असतं. तो आला होता आभार मानायला. "जाऊ द्या बाई, आता मी कुठला नव्यानं चढतोय. पण या इमारतीत तुम्ही एकट्या माणुसकीनं वागलात." चूक कोणाची हे त्याला माहीतच नव्हतं, आणि हिनंही सांगितलं नाही. तेवढी हिंमतच झाली नाही. ती गोष्ट तिला पुढे कायम खात राहिली, आणि त्या दिवसापासून ती दावे शेवटच्या पानापासून वाचायला लागली.

आता ताईची गोष्ट. परतबाईला एकच बहीण, दहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हिची वेणी घालण्यापासून शाळेत पोहोचवण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं. ताई शिवणकाम करायची. त्याच कमाईतून तिनं दोन खोल्या आणि मागे चिमूटभर अंगण अशी जागा घेतली. पुढच्या खोलीत मशीन. त्या मशीनच्या खडखडाटात बसून हिनं कारकुनाच्या परीक्षेचा अभ्यास केला. आजही आजूबाजूला शांतता असली की हिचं वाचनात लक्ष लागत नाही.

ताईचा नवरा गेला आणि त्याच्या चुलत भावानं, म्हणजे ताईच्या चुलत दिरानं, पुढच्या खोलीत आपलं सामान आणून टाकलं. "वहिनी, चार दिवसांची सोय," म्हणाला. मग त्या खोलीला कुलूप घातलं. ताईचं मशीन मागच्या खोलीत चुलीशेजारी गेलं. चार दिवसांची बारा वर्षं व्हायला आली तेव्हा दीर म्हणायला लागला, की ही जागा मुळात आमच्या घराण्याची, वहिनीला राहू दिलं हेच खूप झालं. परतबाई आधीपासून कानीकपाळी ओरडत होती, "ताई, कागद कर." ताईचं आपलं एकच, "घरातलं आहे, मिटेल." शेवटी तिनं या धाकट्या बहिणीला न विचारताच वकील गाठला.

एका गुरुवारी परतबाईनं दाढ काढायला आठवडा संपेपर्यंत रजा घेतली. सोमवारी सुजलेला गाल घेऊन ती खिडकीवर येऊन बसते न बसते तोच घेऊनटाक खूश होऊन म्हणाला, "बाई, गुरुवारी तुमच्या ताई आल्या होत्या. दावा घेऊन टाकला मी. म्हटलं, घरचंच काम."

तिनं ढिगातून दावा काढला, उलटा केला. वर दिराचं सामान हटवण्याची मागणी होती आणि तळाला तीच ओळ: जागा वादीच्या मालकीची असल्याचे जाहीर व्हावे. तिनं त्याच पानावर दिरानं कुलूप घातल्याची तारीख पाहिली आणि बोटांवर हिशेब केला. दुसऱ्यानं बळकावलेल्या जागेवर दावा लावायची बारा वर्षांची मुदत शनिवारी संपली होती. आज सोमवार.

आधी तिला आला राग. आपण रजेवर असताना बरोबर तोच दिवस साधून ताई आली होती! ज्या बहिणीनं कधी शेजारणीची सुई विचारल्याशिवाय उचलली नाही, तिनं आपल्या पाठीमागून दावा सरकवला? राग गिळला तेव्हा खाली भीती होती. दावा परत केला तर दीर म्हणणार, मुदत संपली. ठेवून घेतला तर ताई इथं जिंकणार, आणि मग त्या सुतारासारखी वर जाऊन सगळं गमावणार.

घेऊनटाक खुर्ची सरकवून जवळ आला. माणूस मनानं वाईट नव्हता, फक्त आळशी होता. "डोळे मिटा ना बाई एकदा. सख्खी बहीण आहे. कोण बघतंय?"

"तू बघितलं असतंस गुरुवारी तर आज ही पाळी आली नसती," ती म्हणाली आणि दावा घेऊन साहेबांच्या खोलीत गेली.

साहेब तरुण होते, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे, पण निकाल स्वच्छ देणारे. तिनं आधीच सांगून टाकलं, "साहेब, वादी माझी सख्खी बहीण आहे. हा दावा आपल्याला चालवता येत नाही."

साहेबांनी सगळी पानं वाचली. पहिल्यापासून वाचली आणि व्हायचं तेच झालं, त्यांचा चेहरा मऊ पडला. "बाई, या बाईंवर अन्याय झालाय हे उघड दिसतंय. ठेवू या. मी लवकर ऐकतो. समोरच्यानं हरकत घेतली तर तेव्हा बघू."

"तो आज हरकत घेणारच नाही साहेब. तुम्ही निकाल दिलात की मग घेईल."

"ती शेवटची ओळ खोडून टाकायला सांगितली तर?"

"दीर उत्तर देईल, जागा माझी. मग मालकी ठरवल्याशिवाय तुम्हाला एक पाऊल पुढे टाकता येणार नाही. फिरून तिथंच येणार आपण." तिनं दावा त्यांच्याकडे सरकवला. "साहेब, तुम्ही न्याय चांगलाच द्याल. पण तो टिकणार नाही. मी एकदा पाहिलंय."

साहेबांनी पेन उचललं. ती म्हणाली, "पाठीवरचं तुमच्याच हातानं लिहा. आवक वहीत गुरुवारची नोंद आहे, ती बघून लिहा. माझं अक्षर त्यावर नको. आणि मी तिची कोण, तेही लिहा." साहेबांनी आवक वही मागवून सगळं स्वतः लिहिलं.

ताईला निरोप गेला, दुपारी ती आली. बाहेरच्या बाकावर बसून तिनं दावा हातात घेतला, उलटसुलट केला. "परत?"

"हो."

"मलासुद्धा?"

"ताई, ऐक. हे कोर्ट तुझं नाही. इथं जिंकलीस तरी..."

"शनिवारी मुदत संपली गं माझी! वकिलानं सांगितलंय मला. आता वर कोण उभं करणार?"

"गुरुवार ते आज, हे दिवस धरत नाहीत. पाठीवर साहेबांनी लिहिलंय. गुरुवारी तुझे दोन दिवस शिल्लक होते, ते अजून शिल्लक आहेत. आजच जा. चिठ्ठी टाचली आहे, डावीकडे तिसरी खोली. गुडघे दुखले तर मधल्या कठड्यावर बस."

ताईनं चिठ्ठीकडे बघितलं. "परक्याला देतेस तशीच चिठ्ठी मला देतेस होय! तुझ्यासाठी मी काय काय केलं ते..." ती पदर तोंडाला लावून उठली आणि चालायला लागली. परतबाई खिडकीतून बघत राहिली. ताई रस्ता ओलांडून गेली, पायऱ्या चढली, मधे दोनदा थांबली, पण कठड्यावर काही बसली नाही. परतबाई त्या दिवशी खिडकीवरच रडली. घेऊनटाकनं तिच्या वाटचे तीन दावे गुपचूप आपल्याकडे घेतले, आणि आश्चर्य म्हणजे त्यातला एक परत केला.

बहिणींचं बोलणं बंद झालं. एकीला वाटत होतं, धाकटीनं मला परक्यासारखं वागवलं. दुसरीला वाटत होतं, थोरली माझ्या पाठीमागून आली. दोघी एकाच आईच्या, माघार घेणार कोण? मुलांच्या हातून डबे जायचे, रिकामे होऊन परत यायचे, पण त्यात चिठ्ठी नाही की निरोप नाही.

वर्षभरानं वरच्या कोर्टात दिराच्या वकिलानं मुदतीचाच मुद्दा काढला, आणि परतबाईला साक्षीला बोलावलं. बत्तीस पायऱ्या चढून ती पिंजऱ्यात उभी राहिली. ताई तिसऱ्या बाकावर बसली होती आणि मुद्दाम पंख्याकडे बघत होती.

"तुम्ही वादीच्या कोण?" वकिलानं गोड आवाजात विचारलं.

"धाकटी बहीण. सख्खी."

वकील गर्रकन न्यायाधीशांकडे वळला. "झालं तर! बहिणीनं बहिणीसाठी सोयीची तारीख टाकली!"

"तारीख माझ्या हातची नाही," परतबाई म्हणाली. "पाठ वाचा."

न्यायाधीशांनी दावा पालथा केला आणि मोठ्यानं वाचला. गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी हजर केला, आवक वहीत नोंद पाहिली. या कोर्टाला मालकी ठरवण्याचा अधिकार नाही. सोमवारी एक वाजता परत दिला. त्याखाली खालच्या साहेबांनी आणखी एक ओळ लिहिली होती, जी परतबाईनंही तोवर वाचली नव्हती: ‘वादी माझ्या कारकुनाची सख्खी बहीण आहे. मी हा दावा ठेवून घेणार होतो. तिनंच आग्रह धरून तो परत करायला लावला.’

वकील खाली बसला. कोर्टात कोणीतरी खाकरलं. ताईनं पंख्यावरची नजर काढून बहिणीकडे बघितलं, पण तोवर परतबाई पिंजऱ्यातून उतरून तरातरा निघालीही होती. तिला चार वाजायच्या आत खिडकीवर पोहोचायचं होतं.

मुदतीचा मुद्दा गेला, पण मालकी ठरायला आणखी तीन वर्षं लागली. ताईचं जुनं खरेदीखत आलं, शेजारी आले, जागा विकणाऱ्याचा म्हातारा मुलगा काठी टेकत आला. निकाल ताईच्या बाजूनं लागला. दिरानं त्याहून वर जाऊन बराच आटापिटा केला, पण ज्या कोर्टानं निकाल दिला त्याला तो द्यायचा अधिकार होता, त्यामुळे हाताला लागेल असं काही मिळालं नाही. पुढच्या खोलीचं कुलूप निघालं.

त्यानंतर आठवड्याभरानं, दुपारी चारच्या सुमाराला, परतबाईच्या मोकळ्या खिडकीतून एक जाडजूड कागदांचा गठ्ठा आत आला. तिनं मान वर न करता सवयीनं तो उलटा केला. शेवटच्या पानावर, तळाला, लिहिलं होतं: ‘सदर जागा वादीच्या मालकीची असल्याचे जाहीर करण्यात येत आहे.’ तिनं वर बघितलं. गजांपलीकडे ताई उभी होती. केस पार पांढरे झालेले, पिशवीतून मोजपट्टीचं टोक बाहेर आलेलं.

परतबाईचे डोळे भरून आले. तिनं गठ्ठा नीट जुळवला आणि खिडकीतून ताईच्या हातात द्यायला लागली.

"बघा, परत देतेय!" ताई म्हणाली. "अगं, मेल्यावर स्वर्गाच्या दारात बसवतील तुला. निकालाला माझा जुना दावा टाचलाय. एकदा तरी पहिल्या पानापासून वाच."

परतबाईनं पानं उलटून दावा वर घेतला. पहिल्या पानावर जागा कशी घेतली ते होतं. वादी शिवणकाम करते, रात्रंदिवस मशीन चालवून तिनं ही जागा घेतली. दुसऱ्या पानावर साक्षीदारांची यादी होती. पहिला शेजारी, दुसरा जागा विकणाऱ्याचा मुलगा. तिसरी ओळ टंकलेली होती: ‘वादीची धाकटी बहीण, जिने याच खोलीत राहून शिक्षण घेतले व जी सध्या कोर्टात कारकून आहे.’ त्या ओळीवर शाईनं आडवी रेघ मारलेली होती आणि शेजारी ताईची वेडीवाकडी सही.

"हे का खोडलंस?"

"वकील म्हणाला, तीच तुमची पक्की साक्षीदार. मी म्हटलं, तिला यात ओढायचं नाही, तिची नोकरी आहे. म्हणून तर तू रजेवर असताना आले. तू खिडकीवर असतीस आणि घेतलं असतंस, तर लोक म्हणाले असते, बहिणीचं म्हणून घेतलं. हे कोर्ट चुकीचं आहे हे मला मेलीला काय ठाऊक!"

परतबाईनं त्या रेघेवरून बोट फिरवलं. चार वर्षं ती मनात धरून बसली होती, की ताई माझ्या पाठीमागून आली. "मग एवढी वर्षं सांगितलं का नाहीस गं?"

"लिहिलं होतं की," ताई म्हणाली. "तूच वाचलं नाहीस."

परतबाईनं खिडकी लावून घेतली. घेऊनटाकनं घड्याळाकडे बघितलं, पाच वाजायला पाऊण तास होता, पण त्यानं गुपचूप पुढचा कागद ओढला. ती बाहेर येऊन ताईशेजारी बाकावर बसली, डोळे पुसले आणि पहिल्या ओळीपासून सगळं वाचून काढलं.